हलगी, रॅप आणि पंचगंगेची पातळी: याला म्हणायचं काय?

साऊंडवाला | रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. वीसेक वर्षं मांडव, हॉल, गल्लीचे कार्यक्रम यांचा साऊंड करतोय. स्टेजवर कोण काय गातंय याकडं माझं लक्ष कमी, कुठला माईक शिट्टी मारायलाय याकडं जास्त. पण गेल्या पंधरवड्यात एका कार्यक्रमात मिक्सरवरचा हात काढून नुसता ऐकत बसलो, म्हणून हा धागा.

शहरातलाच एक छोटा हॉल, शे-सव्वाशे माणूस. पोरगा तेवीस-चोवीसचा. एक लॅपटॉप, एक बोटांनी बडवायचं पॅडवालं यंत्र, आणि सोबतीला हलगी, घुमकं, कैताळ वाजवणारे तिघं. कुस्तीच्या मैदानात असतात तेच. (घुमकं म्हणजे खालच्या आवाजाचं ढोलासारखं वाद्य, कैताळ म्हणजे झांजा.)

पहिली दोन गाणी नेहमीचीच. खाली दणक्याचा बेस, वर भराभर शब्द, ‘भावा’, ‘नाद’, ‘जाळ अन् धूर’. पब्लिक खूश. मी मनात म्हटलं, हे रोजचंच. तिसऱ्याला त्यानं लॅपटॉपचं झाकण पाडलं आणि हलगीवाल्या काकांकडं बघितलं. काकांनी एक टोला दिला.

एकोणचाळीस. आईनं गव्हाचं पोतं माळ्यावर टाकलं.
(टोला)
चाळीस. म्हशीचं दावं सोडलं.
(टोला)
एकेचाळीस. म्हस जाईना.
(टोला)
बेचाळीस. बाबा म्हणाले, मागल्या टायमाला उंबऱ्यापतोरच आलतं.
(टोला)
त्रेचाळीस.

त्रेचाळीसला टोला नाही. चार-पाच सेकंद हॉलमध्ये फॅनचा आवाज तेवढा.

कोल्हापुरातल्या माणसाला हे आकडे उलगडून सांगायला लागत नाहीत. बाहेरच्यांसाठी सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. पावसाळ्यात इथं माणसं नमस्काराच्या आधी ‘किती झाली?’ विचारतात. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना तर झोपेतही ते आकडे ऐकू येतात. पोरगा प्रयाग चिखलीकडचा, जिथं नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते तिथला. त्यामुळं हे ऐकीव नव्हतं.

मग घुमकं सुरू झालं, एकाच जागी, खालनं पाणी चढल्यासारखं. तो पुढं सात-आठ मिनिटं बोलत राहिला. गाणं म्हणावं तर सूर नाही, रॅप म्हणावं तर घाई नाही, कविता म्हणावी तर पाय जाग्यावर राहीनात.

याला म्हणायचं काय? आणि असं आणखी कोण करतंय का?

अवांतर: सुरुवातीलाच घोळ झालेला. पावसाळी हवा, हलगीचं कातडं सैल, टोला मारला की नुसतं ‘थप्’. काका हॉलमागच्या बोळात जुने पेपर पेटवून हलगी शेकायला बसले, तर वॉचमन आग विझवायचं नळकांडं घेऊन पळत आला. त्याला तरी काय बोलणार? ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळताना सगळ्या गावानं बघितलंय, त्यानंतर इथं हॉलच्या आसपास काडी ओढली तरी माणसं दचकतात. शेवटी काका समोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन शेगडीवर हलगी तापवून आले. चहाही तिथंच घेतला.

पेठेतला_बाळ्या | रात्री ११:५८

नाद खुळा! लिंक टाका की राव, का नुसतं तोंडाला पाणी सोडताय.

साऊंडवाला | रात्री १२:०५

बाळ्या, मोबाईलवर घेतलंय पण टाकण्यासारखं नाही. मोबाईल स्वतःच्या अकलेनं आवाज कमी-जास्त करतो. हलगीचा टोला आला की घाबरून सगळाच आवाज खाली ओढतो, आणि पोराचा पुढचा शब्दच गायब. ‘म्हस जाईना’ मधलं ‘म्हस’ गेलंय, नुसतं ‘जाईना’ ऐकू येतं.

झीलकरी | सकाळी ७:१०

स्पष्ट लिहितो, राग नसावा. पोवाडा म्हणू नका. आमच्या आजोबांनी आयुष्यभर एका शाहिराच्या पाठीमागं झील धरली, म्हणून हा आयडी. ज्या गावानं शाहीर पिराजीराव सरनाईक ऐकले त्या गावात बसून कुठल्याही तालावरच्या बोलण्याला शाहिरी म्हणायला लागलो तर अवघड आहे.

पोवाड्याला घडण असते. चौक असतात, चौकागणिक चाल बदलते, मधेमधे शाहीर गद्यात प्रसंग सांगतो, आवाज चढवत नेतो आणि परत चालीवर उतरतो. डफ, तुणतुणं, झांज. आणि मुख्य म्हणजे झील. ‘जी जी रं जी’ ही जागा भरायला घातलेली नसते. शाहीर जे बोलला ते ऐकलं, पटलं, पुढं बोल, असा गावानं भरलेला हुंकार असतो तो. अज्ञानदासाच्या अफजलखान वधाच्या पोवाड्यापासून, म्हणजे १६५९ च्या प्रसंगापासून, शाहीर कधी एकटा उभा राहिलेला नाही. तुमचा पोरगा एकटाच बोलतोय. चांगलं बोलत असेल. पोवाडा नव्हे.

पेठेतला_बाळ्या | सकाळी ७:३१

झीलकरी काका, त्याच्या त्या पॅडवाल्या यंत्रात स्वतःचाच आवाज भरून फिरवत ठेवता येतो. माझ्या मित्रानं दुसऱ्या कार्यक्रमाला बघितलंय, त्यानं ‘जी जी’ तसंच लावलेलं.

झीलकरी | सकाळी ७:३४

म्हणजे स्वतःच बोलायचं आणि स्वतःच स्वतःला ‘जी जी’ म्हणायचं? झकास. राजकारणात जा म्हणावं.

गडहिंग्लजची_मावशी | सकाळी ९:२०

😂 झीलकरी, सकाळी सकाळी हसवलासा.

मी त्या कार्यक्रमाला होतो. भाच्यानं ओढत नेला. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण ते म्हशीचं आलं तवा माझ्या बाजूची बाई पदर तोंडाला लावून बसली. आमच्याकडं धनगरी ओव्या असतात त्यात असंच असतंय की. थोडं गायचं, मग थांबून साध्या बोलीत सांगायचं, मग परत गायचं. बिरोबाचं सांगताना म्हातारा मधेच असं बोलतो, जसं कालच घडलंय शेजारच्या वाडीत. पट्टणकोडोलीच्या यात्रंला जावा, कळंल. पोराला विचारा, त्याच्या घरात कोण ओव्या म्हणणारं आहे का.

मुक्काम_शिकागो | सकाळी १०:४५

मूळचा उत्तरेश्वर पेठेतला, गेली अठरा वर्षं इकडे. साऊंडवाले, तुमच्या वर्णनावरून मला ताबडतोब गिल स्कॉट-हेरन आठवला. जन्म १९४९ चा, याच शिकागोतला. १९७० साली त्याचा पहिला अल्बम आला तो बहुतांशी असाच: एक माणूस बोलतोय, मागे काँगा आणि किरकोळ तालवाद्यं, बस्स. पुढच्याच वर्षी त्यातली सगळ्यात गाजलेली कविता त्याने पूर्ण बँडसोबत पुन्हा रेकॉर्ड केली, आणि जगाला तीच माहीत आहे. मला मात्र पहिली जास्त आवडते. बँड आला की ते गाणं होतं. नुसत्या काँगावर तो तुमच्या घरात येऊन उभा राहून बोलतो. स्वतःला तो ‘ब्लूजॉलॉजिस्ट’ म्हणायचा, म्हणजे ब्लूजचा अभ्यासक. रॅपचा बाप म्हटलं की वैतागायचा.

त्याच्याही आधी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ‘द लास्ट पोएट्स’. १९ मे १९६८ ला, माल्कम एक्सच्या जयंतीदिवशी, एका बागेत ते पहिल्यांदा ढोलांवर कविता म्हणायला उभे राहिले.

आणि ज्याला आज हिप-हॉप म्हणतात त्याचा वाढदिवस ११ ऑगस्ट १९७३ धरतात. ब्राँक्समधली १५२० सेजविक अव्हेन्यू ही इमारत. जमैकात जन्मलेल्या कूल हर्कच्या बहिणीने शाळा उघडायच्या आधी नवीन कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली होती. हर्कच्या लक्षात आलेलं की गाण्यात ज्या जागी गायक-बियक गप्प होतात आणि नुसता ताल उरतो, तिथे पोरं जास्त नाचतात. मग त्याने एकाच तबकडीच्या दोन प्रती लावून तोच तुकडा आलटूनपालटून लांबवायला सुरुवात केली. म्हणजे हिप-हॉपच्या मुळाशीच ‘बाकी सगळे गप्प, तालवाद्य चालू’ ही जागा आहे. तुमच्या पोराने लॅपटॉप बंद करून हलगी चालू ठेवली, तेव्हा तो हिप-हॉप सोडून गेला नाही, मुळाशी गेला असं मला वाटतं.

तिकटीवरचा_तात्या | सकाळी ११:०२

आपल्याकडे हे सगळं तीनशे वर्षं आधीपासून होतं. अमेरिकेनं आपलंच उचललं.

मुक्काम_शिकागो | सकाळी ११:०६

तात्या, पुष्पक विमानानं ब्राँक्सला डफ पाठवलेला का? दिवे घ्या.

वृषाली_मिरज | दुपारी १:१५

तात्यांचं सोडा, पण समांतर गोष्टी आहेत हे खरं. अठराव्या शतकातल्या अमृतरायांचे कटाव मोठ्यानं वाचून बघा. अनुप्रासावर अनुप्रास, श्वास घ्यायला जागा नाही, जीभ अडखळली की गेलात. कलगी-तुऱ्याची भांडणं तर उघड उघड सामनेच: एका फडानं शक्ती थोर म्हणायचं, दुसऱ्यानं शिव, सवाल टाकायचा आणि उभ्या उभ्या जवाब द्यायचा. पण एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडायची गरज नाही. माणसं जमली, ताल मिळाला की हे होतंच.

मला बोलायचंय ते यमकाबद्दल. मराठीत रॅप करणाऱ्या बहुतेक पोरांचा घात यमकच करतं. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी. त्यामुळे गेला, आला, मेला, झाला, नेला यांची यमकं फुकट मिळतात, आणि फुकटचं यमक दोन ओळींत कंटाळा आणतं. इंग्रजीत वाक्याच्या शेवटी नाम येऊ शकतं, त्यामुळे तिकडे यमक कमवावं लागतं. मराठीत कमवायचं असेल तर क्रियापद उचलून मधे टाकावं लागतं, नाहीतर खाऊन टाकावं लागतं.

वर दिलेल्या ओळी परत वाचा. टाकलं, सोडलं. दोन ओळींत फुकटचं यमक जुळलंय, आता तिसऱ्या ओळीत ‘ओढलं’ नाहीतर ‘बुडलं’ येणार अशी आपल्या कानाची तयारी झाली. आणि तो म्हणतो ‘म्हस जाईना’. यमक तुटतं आणि म्हस अडून बसते, दोन्ही एकदमच. हे त्यानं ठरवून केलं असेल तर पोरगा पोचलेला आहे. न ठरवता केलं असेल तर आणखीच.

झीलकरी | दुपारी १:५०

वृषालीताई, हे वाचून परत वर जाऊन वाचलं. मान्य. ‘जाईना’ची जागा चांगली आहे. तरी पोवाडा नव्हे.

डेसिबल | दुपारी ३:३०

साऊंडवाले, तांत्रिक प्रश्न. पहिल्या दोन गाण्यांत लॅपटॉपवरचा बीट आणि हलगी एकत्र होते का? जमलं कसं? मी सांगलीत एका ग्रुपबरोबर प्रयत्न केलेला, दुसऱ्या मिनिटाला हलगी पुढं आणि लॅपटॉप मागं.

साऊंडवाला | दुपारी ४:१२

जमलंच नव्हतं. आठ मात्रांचा केरवा आणि त्यांचे चार-चारचे बार, हिशेब सरळ बसतो. पण हलगी चढते. मी घरी जाऊन मोजलं: मिनिटाला ९६ ठोक्यांवर सुरू केलेलं चौथ्या मिनिटाला ११० वर. लॅपटॉप बिचारा ९६ वरच. पोरानं काकांच्या कानात खटखट वाजणारा हेडफोन घालून बघितला, तर काकांनी दोन मिनिटांत काढून खिशात टाकला. म्हणाले, ‘ह्यो मला पळू देत न्हाई.’ बरोबर आहे त्यांचं. मैदानात कुस्ती रंगात आली की हलगी चढायलाच पाहिजे. घड्याळ लावून कुस्ती होत नसते.

दुसरी भानगड खालच्या आवाजाची. ८०८ म्हणून जो किक सगळे वापरतात (मूळ मशीन रोलँडचं, १९८० चं) तो आणि घुमकं एकाच खोलीत राहतात. दोन्ही एकदम वाजले की नुसता चिखल. मी हळूच लॅपटॉपचा खालचा भाग कापला. पोराच्या लक्षात आलं, पण भांडला नाही. तिसऱ्या तुकड्याला त्यानं झाकणच पाडलं, त्यामागं माझाही थोडा हात असावा असं आपलं मी समजतो.

डेसिबल | दुपारी ४:२५

मग उलटं करा. आधी हलगी मोकळी रेकॉर्ड करा, खटखट न लावता. काका जसे चढतील तसे चढू देत. नंतर लॅपटॉपला त्यांच्यामागनं पळवा. सॉफ्टवेअरमध्ये टोल्यागणिक टेम्पो बसवता येतो. किचकट आहे, एका गाण्याला अख्खी रात्र जाते, पण यंत्रानं माणसामागं जावं. आणि हलगीला माईक समोरनं नको, वीतभर लांब आणि तिरका. समोरनं लावला तर नुसता फटाका येतो, कातड्याचा आवाज येत नाही.

हलगीचा_नातू | संध्याकाळी ६:४०

सगळे पोवाडा का रॅप यावर भांडताय. मी वेगळंच विचारतो. पोस्टर कुणी बघितलं का? पोराचं नाव मोठ्या अक्षरात, खाली ‘सोबत अस्सल कोल्हापुरी हलगी’. हलगी काय झाडाला लागती का? वाजवणारी तीन माणसं आहेत. एकाचंही नाव नाही.

माझे आजोबा मांगवाड्यातले हलगीवाले. हलगी कडाडल्याशिवाय पैलवान आखाड्यात उतरायचा नाही, सासनकाठी हलायची नाही, आणि तिरडीपण उठायची नाही. वाजवून झालं की त्याच गावात प्यायला पाणी वरनं ओतायचे. आता हलगी ‘अस्सल’ झाली, इन्स्टावर आली, कॉलेजच्या गॅदरिंगला आली. चांगलंच आहे. पण वाजवणारा अजून ‘हलगीवालं कोणतरी’ आहे.

चेन्नईत २०१७ च्या सुमारास सिनेमा दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकारानं ‘ ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभं राहिलं. रॅप, ‘गाना’ म्हणजे तिथली वस्तीतली गाणी, आणि पराई. पराई म्हणजे आपल्या हलगीची सख्खी बहीण, तिच्या कपाळीपण तेच लिहिलेलं. तिथं पराई वाजवणारी माणसं पुढं उभी राहिली, मागच्या रांगेत नाही. लांब कशाला, अण्णाभाऊ साठे आपल्या शेजारच्या वाटेगावचे. १९४४ ला अमर शेख, गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. तमाशाचा बाज घेऊन त्यात नवीन काय बोलायचं ते त्यांनी तवाच दाखवलंय. मुंबईतल्या ‘स्वदेशी’ या रॅप ग्रुपची पोरं आरेच्या जंगलावरचं वारली गाणं करतात तेव्हा तिथल्याच प्रकाश भोईरांना सोबत घेऊन करतात, त्यांच्या नावासकट.

त्या पोरावर राग नाही. तो स्वतः पुरातनं आलाय. पण विचारा त्याला.

साऊंडवाला | संध्याकाळी ७:०५

नातू, खरं सांगतो, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वर धाग्यात मीसुद्धा ‘हलगी, घुमकं, कैताळ वाजवणारे तिघं’ एवढंच लिहिलंय. विचारतो.

झीलकरी | रात्री ८:३०

नातू यांच्या प्रतिसादानंतर मला माझाच पहिला प्रतिसाद वाचवेना. आजोबांची झील मी मिरवतो, पण जुनी कार्यक्रमपत्रिका काढून बघितली. शाहिरांचं नाव आहे, अध्यक्षांचं आहे, मंडप ज्यांनी दिला त्यांचंही आहे. आजोबांचं नाही. ‘आणि साथीदार’.

तिकटीवरचा_तात्या | रात्री ९:१४

मंडप देणाऱ्याचं नाव असतंयच. आमच्या चुलत्यांचा मंडप.

साऊंडवाला | तीन दिवसांनी, रात्री १०:२०

धागा वर काढतो. पोराला आणि काकांना दोघांनाही भेटलो, खासबागेच्या बाजूला भजी खात.

पोस्टर आयोजकांनी केलेलं, पोराला छापून आल्यावर दिसलं. तो वरमला. म्हणाला, पुढच्या पोस्टरवर तिघांची नावं आपल्या नावाच्या वर टाकतो. काका भजी संपवत शांतपणे म्हणाले, ‘नाव टाक, नको म्हणत न्हाई. पर आधी सुपारी किती ते ठरव. गेल्या टायमाला रिक्षाचं भाडं आमच्या खिशातनं गेलं.’ पोरगा आणखी वरमला. मग मिळेल त्याचे चार समान वाटे ठरले, माझ्यासमोर.

मावशी, तुमचा अंदाज बरोबर निघाला. त्याच्या आईकडचे आजोबा ओव्या म्हणायचे. ते ‘कालच घडल्यासारखं’ बोलणं तिथनं आलंय. वृषालीताई, ‘म्हस जाईना’चं विचारलं. तो म्हणाला, म्हस खरंच गेली नाही, मी काय करू? यमकाचं ऐकून घेतलं, वर म्हणाला, त्या ताईंना सांगा पुढच्या वेळी ठरवून करतो.

झीलकरी काका, ‘जी जी’चाही विषय काढला. यंत्रातलं स्वतःचं ‘जी जी’ त्यालाही खोटं वाटायला लागलंय. त्रेचाळीसनंतर जी शांतता आहे तिथं कुणीतरी हुंकार भरावा असं त्याच्या मनात आहे. पण कोरस पोरांचा नको, त्यांचा आवाज फार गुळगुळीत येतो म्हणाला. म्हातारा आवाज पाहिजे. मी तुमचं नाव सुचवून ठेवलंय.

झीलकरी | रात्री १०:४१

मी फक्त हुंकार भरणार. पोवाडा म्हणणार नाही.

साऊंडवाला | रात्री १०:४४

चालतंय. रविवारी सकाळी नऊला, उजळाईवाडीकडं माझं सामान ठेवायचं शेड आहे तिथं. डेसिबलनं सांगितल्याप्रमाणं आधी हलगी मोकळी घेणार, लॅपटॉप नंतर. शेड माझंच आहे, वॉचमन नाही, हलगी आतच शेकायची. येणाऱ्यांनी जुने पेपर घेऊन या. रविवारच्या पुरवण्या नकोत, काका म्हणतात गुळगुळीत कागद नुसता धूर करतो.